क्षेत्रकार्यात काहीच सोडवता येत नसेल, तर पदवी पूर्ण करावी का?

पत्र : मी समाजकार्याच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात आहे. लेखी विषयांत मला चांगले गुण मिळतात. परंतु क्षेत्रकार्यात मी सपशेल अपयशी ठरते आहे. माझी नेमणूक एका रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आहे. तेथे साठीच्या एका गृहस्थांची केस माझ्याकडे दिली आहे. मधुमेहामुळे त्यांचा एक पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ते एकटे राहतात आणि दर आठवड्याला बाह्यरुग्ण विभागात येतात. त्यांनी मुलीकडे राहायला जावे असे डॉक्टरांचे मत आहे आणि त्यांची समजूत घालण्याचे काम माझ्यावर सोपवले आहे. ‘तुम्ही लहान आहात, तुम्हाला कळायचे नाही,’ असे म्हणून ते विषय संपवतात. मागच्या भेटीत, कोणाला सांगू नका असे बजावून, आपण इन्शुलिन बरेचदा घेतच नाही, हे त्यांनी मला सांगितले. मी तसा शब्द दिला आहे. घरी आल्यावर मला रडू येते. पर्यवेक्षक माझे अहवाल ‘यात तुम्ही कोठे आहात?’ एवढाच शेरा मारून परत करतात. मोठा भाऊ म्हणतो, चांगुलपणाला पदवी लागत नाही. मी हा अभ्यासक्रम सोडून मानसशास्त्राकडे वळावे का?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एका गोष्टीचा निकाल लावला पाहिजे, कारण ती थांबणारी नाही. इन्शुलिनची बाब तुम्ही पर्यवेक्षकांना सांगायला हवी, आणि तीही पुढच्या नियोजित बैठकीची वाट न पाहता. पत्र मिळाल्याबरोबर हे मी तुम्हाला वेगळे कळवले होते. येथे कारणे मांडतो आहे ती अशासाठी, की असा शब्द देऊन अडकलेले विद्यार्थी थोडेथोडके नसतात. इन्शुलिन चुकत राहिले की रक्तातील साखर वाढते, जखम भरायला वेळ लागतो, संसर्गाची शक्यता वाढते आणि दुसऱ्या पायालाही धोका निर्माण होतो, हे तुम्ही विभागात ऐकलेच असेल. याहून नजरेआड राहणारा धोका वेगळा आहे. साखर आटोक्यात येत नाही असे दिसल्यावर डॉक्टर मात्रा अपुरी पडते आहे असा अर्थ काढून ती वाढवू शकतात, आणि उद्या या गृहस्थांनी ती वाढीव मात्रा नेमाने घ्यायला सुरुवात केली, तर साखर एकाएकी धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. तुमच्या मौनावर अशा प्रकारे दुसऱ्या कोणाचा तरी निर्णय उभा राहतो.

गोपनीयता हे समाजकार्याचे मूलभूत तत्त्व आहे यात शंका नाही. मात्र विद्यार्थी तेथे स्वतःच्या नावाने काम करत नसतो. सेवार्थीने, म्हणजे मदत घेणाऱ्या व्यक्तीने, त्याच्यापाशी ठेवलेला विश्वास हा संस्थेपाशी आणि पर्यवेक्षकापाशी ठेवलेला विश्वास असतो, आणि त्या विश्वासाच्या मर्यादा पहिल्याच भेटीत स्पष्ट शब्दांत सांगण्याची शिस्त याच कारणाने शिकवली जाते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 साली टॅरासॉफ खटल्यात असे ठरवले, की सेवार्थीकडून दुसऱ्या व्यक्तीला गंभीर धोका असल्याचे कळल्यावर त्या व्यक्तीच्या संरक्षणासाठी वाजवी काळजी घेणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे. तो खटला मानसोपचाराशी संबंधित होता, धोका तिसऱ्या व्यक्तीला होता आणि प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असतो. तरीही गोपनीयता निरपवाद नसते हे समजावताना त्याचा दाखला आजही दिला जातो. तुमच्या प्रसंगात धोका खुद्द सेवार्थीला आहे, म्हणून करायची गोष्ट त्यांच्या पाठीमागे करू नका. त्यांना भेटून सांगा : ‘मी तुम्हाला शब्द दिला, पण ही गोष्ट एकटीने जवळ ठेवण्याचा अधिकार मला नाही, आणि हे मी तेव्हाच सांगायला हवे होते. डॉक्टरांना हे कळले पाहिजे. तुम्ही स्वतः सांगाल, आपण दोघे मिळून सांगू, की मी सांगू?’ ते रागावतील, कदाचित पुढची भेट टाळतीलही. तरी निवड त्यांच्या हाती राहते आणि तुमचे बोलणे खरे राहते. त्यांची भेट लवकर होणार नसेल, तर आधी पर्यवेक्षकांशी बोला आणि पुढचा क्रम त्यांच्याकडून ठरवून घ्या.

आणखी एक निरीक्षण, ज्याचा तुम्ही राग मानू नये. जी गोष्ट तुम्ही पर्यवेक्षकांना सांगितली नाही, ती तुम्ही मला, एका अनोळखी माणसाला, लिहून कळवली. येथे ओळख पटण्याजोगे सर्व तपशील काढून आणि तुमच्या संमतीने पत्र छापले आहे; पण गुपित एकटीला पेलवत नाही म्हणून ते कोठेतरी नेऊन ठेवावेसे वाटले, आणि ते ठेवण्याची नेमलेली जागा सोडून भलतीकडे नेले गेले, याचा विचार जरूर करा. पर्यवेक्षण ही व्यवस्था नेमकी अशा ओझ्यासाठी असते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. तुमचे पत्र पुन्हा वाचताना मला एक उणीव जाणवली. डॉक्टरांना काय वाटते ते त्यात आहे, तुम्हाला काय वाटते ते आहे, भावाला काय वाटते तेही आहे. परंतु त्या गृहस्थांना मुलीकडे का जायचे नाही, याविषयी एक वाक्यही नाही. ते इन्शुलिन का घेत नाहीत, हेही नाही. याचा अर्थ तुम्ही निष्काळजी आहात असा मी घेत नाही. तुम्हाला जे काम देण्यात आले त्यात या प्रश्नांना जागाच ठेवलेली नव्हती. समजूत घालायला पाठवलेला माणूस उत्तर बरोबर घेऊनच जातो, आणि समोरच्याला ते पहिल्या वाक्यातच कळते. ‘तुम्हाला कळायचे नाही’ हे त्यांचे उद्गार तुम्ही तुमच्या वयावरील टीका म्हणून ऐकले आहेत. ती एक नेमकी माहिती असण्याची शक्यता मला अधिक वाटते : येथे कळण्यासारखे काहीतरी आहे आणि ते अजून कोणी विचारलेले नाही.

कारणे कितीतरी असू शकतील, आणि प्रत्येक कारणामागून येणारे काम वेगळे असेल. मुलीच्या घरी जिने चढावे लागत असतील, तर प्रश्न घराच्या रचनेचा आणि कृत्रिम पायाच्या सरावाचा आहे. जावयाशी जुना अबोला असेल, तर काम कुटुंबासोबत आहे. आपण कोणावर भार होऊ ही भीती असेल, तर मुलीचे म्हणणे प्रत्यक्ष ऐकण्याची गरज आहे, कारण तिचे मत सर्वांनी गृहीत धरलेले दिसते. दृष्टी अधू झाल्यामुळे सिरिंजवरच्या खुणा दिसत नसतील आणि ते सांगायची लाज वाटत असेल, तर इन्शुलिन ‘घेत नाही’ आणि ‘घेता येत नाही’ यांतला फरक ओळखणे हेच पहिले काम आहे. मधुमेहात दृष्टीवर परिणाम होणे दुर्मीळ नाही. औषधाचा खर्च परवडत नसेल, तर तीही वेगळीच वाट आहे. आणि कदाचित सर्व बाजू समजून घेतल्यावरही ते एकटेच राहणे पसंत करतील. मग एकट्याने राहणे अधिकाधिक सुरक्षित कसे होईल, हे तुमच्या कामाचे उद्दिष्ट ठरेल. सेवार्थीच्या स्वयंनिर्णयाचे तत्त्व तुम्ही परीक्षेत निश्चितच लिहिले असेल. ते प्रत्यक्षात समोर येते तेव्हा असे गैरसोयीच्या रूपात येते.

डॉक्टरांनी दिलेले काम नाकारा असे मी म्हणत नाही. रुग्णालयातील समाजकार्यात ही ओढाताण अगदी सुरुवातीपासून आहे. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये 1895 साली मेरी स्ट्युअर्ट यांची रुग्णालयातील समाजकार्यकर्ती म्हणून नेमणूक झाली, तेव्हा मोफत उपचार घेणाऱ्यांपैकी कोणाची पैसे देण्याची ऐपत आहे, याची छाननी करणे हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. म्हणजे संस्थेचा दरवाजा सांभाळायला नेमलेल्या व्यक्तीने दरवाजाबाहेरच्या माणसाचे जगणे समजून घ्यायचे, अशी ती जागा होती. याउलट बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये 1905 साली डॉ. रिचर्ड कॅबट यांनी समाजकार्यकर्त्यांना बोलावले, ते रुग्णाचे घर, काम आणि परिस्थिती ठाऊक नसताना आपले निदान आणि उपचार अपुरे राहतात, ही अडचण त्यांना जाणवली म्हणून. गार्नेट पेल्टन यांनी तेथे आरंभ केला आणि पुढे आयडा कॅनन यांनी तो विभाग दीर्घकाळ उभा केला. तुमच्या टेबलाशी या दोन्ही परंपरा एकाच वेळी बसलेल्या आहेत. तुमच्याकडून संस्थेची अपेक्षा समजूत घालण्याची आहे. तुम्ही संस्थेला परत द्यायची गोष्ट आहे ती डॉक्टरांपाशी नसलेली माहिती. ‘ते तयार होत नाहीत’ एवढे सांगून परतण्याऐवजी ‘ते अमुक कारणाने तयार नाहीत, त्यांना हे मान्य आहे आणि हे नाही’ असे तुम्ही सांगू शकलात, तर डॉक्टरांचा सल्लाही बदलू शकतो. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीकडून याहून जास्त अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल. ती अपेक्षा सध्या तुम्हीच स्वतःकडून ठेवत आहात.

तुमच्या भावाच्या आक्षेपाला शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, हे ऐकून त्यांना बरे वाटेल. बाल्टिमोर येथे 1915 साली भरलेल्या धर्मादाय कार्यकर्त्यांच्या परिषदेत अब्राहम फ्लेक्सनर यांनी, समाजकार्य हा व्यवसाय आहे काय, असा प्रश्न विचारला आणि अद्याप नाही, असे उत्तर दिले. वैद्यकीय शिक्षणाची झाडाझडती घेणारा अहवाल 1910 साली लिहून ते तेव्हा प्रसिद्ध झाले होते. समाजकार्यकर्ता बहुतेक वेळा मध्यस्थाचे काम करतो, गरजूला डॉक्टरकडे, वकिलाकडे किंवा शिक्षकाकडे पोचवतो आणि स्वतःचे असे शिकवता येण्याजोगे तंत्र त्याच्यापाशी नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1917 मध्ये, समाजकार्यकर्त्या मेरी रिचमंड यांचे ‘सोशल डायग्नोसिस’ हे जाडजूड पुस्तक प्रसिद्ध झाले. एखाद्या कुटुंबाच्या अडचणीविषयी माहिती कोणाकडून घ्यायची, ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट वेगळी कशी ठेवायची, पुरावा कसा तोलायचा आणि त्यावरून निष्कर्ष किती सावधपणे काढायचा, याची शिस्तशीर मांडणी त्यांनी त्यात केली. चांगुलपणाला पदवी लागत नाही, हे तुमच्या भावाचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु चांगुलपणाने वागलेला शेजारी उद्या यायचा थांबला तर त्याला कोणी जाब विचारत नाही. तुम्ही काय पाहिलेत, काय गृहीत धरलेत, कोणाच्या परवानगीने काय केलेत, हे तुम्हाला विचारले जाणार आहे, आणि ते सांगता येण्याचे शिक्षण या पदवीत दिले जाते.

म्हणूनच पर्यवेक्षकांच्या त्या शेऱ्याकडे मी पुन्हा पुन्हा परत येतो. ‘यात तुम्ही कोठे आहात?’ हा शेरा तुम्हाला तुटक वाटला, आणि तो आहेही. त्यांनी एखादे वाक्य जास्त लिहायला हरकत नव्हती. मात्र प्रश्न अचूक आहे. विद्यार्थ्यांच्या अहवालांत मला सर्वाधिक आढळणारे वाक्य म्हणजे ‘सेवार्थीने सहकार्य केले नाही’. हे वाक्य कोणालाही काहीच सांगत नाही. त्याच भेटीचे प्रामाणिक टिपण असे असू शकेल : ‘मी त्यांना म्हणाले, मुलगी तुमची काळजी घेईल. ते खिडकीकडे पाहू लागले. मला ती शांतता असह्य झाली आणि मी घाईने औषधांची चौकशी सुरू केली. त्यावर त्यांनी मी लहान असल्याचे म्हटले.’ या चार वाक्यांत शिकण्यासारखे सर्व आहे. शांतता कोणी मोडली, केव्हा मोडली आणि कोणाच्या सोयीसाठी मोडली, हे त्यातून दिसते, आणि पुढच्या वेळी त्याच ठिकाणी थोडे थांबून पाहता येते.

प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणून जे शिकवले जाते, ते याच पद्धतीचे असते. कागदाचे उभे तीन भाग करा. पहिल्यात दोघांचे बोलणे, शक्य तितके मूळ शब्दांत आणि मूळ क्रमाने, मधल्या शांततेसकट. दुसऱ्यात त्या त्या क्षणी तुमच्या मनात काय आले ते. तिसऱ्यात आज मागे वळून पाहताना काय दिसते ते, आणि वर्गात शिकलेली एखादी संकल्पना तेथे खरोखर लागू पडते का, हेही. पर्यवेक्षकांसाठी बाजूला समास सोडा. हे लेखन त्याच दिवशी व्हायला हवे, कारण एक रात्र उलटली की आपण आपली वाक्ये नकळत सुधारून आठवू लागतो. भेट चालू असताना सारखे लिहीत बसू नका आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करण्याचा मोह तर मुळीच नको. नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक या प्रशिक्षणाच्या कागदांत येऊ देऊ नका. संपूर्ण भेट एवढ्या बारकाईने लिहिणे प्रत्येक वेळी शक्य नसते. ज्या दहा मिनिटांत तुम्हाला अवघडल्यासारखे झाले, तेवढीच लिहिली तरी चालतील. गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना हे विशेष जड जाते, असा माझा समज आहे, कारण उत्तरपत्रिकेत न येणारा भाग वगळायची सवय असते आणि येथे नेमका तोच लिहायचा असतो.

याच्या जोडीला त्या गृहस्थांबरोबर बसून त्यांचा पर्यावरण नकाशा काढा. ॲन हार्टमन यांनी 1975 मध्ये विकसित केलेले हे साधन तुमच्या अभ्यासक्रमात इकोमॅप या नावाने असेल. मध्यभागी एक वर्तुळ त्यांचे. भोवती मुलगी, शेजारी, जुने सहकारी, रुग्णालय, पूर्वीचे काम, त्यांच्या आयुष्यात जे जे असेल त्याची वर्तुळे. घट्ट नात्यासाठी ठळक रेघ, विरळ नात्यासाठी तुटक रेघ, तणावाच्या नात्यासाठी काटेरी रेघ, आणि मदत कोणाकडून कोणाकडे वाहते ते दाखवणारे बाण. पेन्सिल त्यांच्या हातात द्या. समोरासमोर बसून नजरेला नजर देत ज्या गोष्टी निघत नाहीत, त्या दोघांची नजर कागदावर असताना सहज निघतात. शिवाय आपण केवळ मदत घेणारे नाही, कोणाला तरी काही देतही आहोत, हे बाणांवरून दिसले की बोलण्याचा सूर बदलतो. कदाचित त्यांना ते घर सोडवत नाही, कारण तेथे कोणीतरी त्यांच्यावर अवलंबून आहे. हा माझा केवळ तर्क आहे. खरे काय ते त्यांनाच विचारावे लागेल.

लेखी विषय आणि क्षेत्रकार्य यांत पडलेली दरी बुजवण्यासाठी एक गोष्ट सुचवतो. इन्शुलिन चुकवणारे हे एकटेच आहेत का, हे विभागातील ज्येष्ठ समाजकार्यकर्त्यांना विचारा. अनेक रुग्ण एकाच कारणाने औषध सोडत असतील, तर तुमच्यासमोरचा प्रश्न एका गृहस्थांच्या हट्टाचा राहत नाही. तेथे गटकार्य करता येईल किंवा रुग्णालयाची एखादी पद्धत बदलण्याची गरज दिसेल. शिकागोमध्ये जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी 1889 साली हल हाउस हे गरीब वस्तीत राहून काम करण्याचे केंद्र सुरू केले. तेथे राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली यांनी शेजारच्या वस्तीत घराघरांत चालणाऱ्या शिवणकामाची आणि त्यात राबणाऱ्या मुलांची पाहणी केली, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या प्रयत्नांमुळे 1893 मध्ये इलिनॉय राज्यात कारखान्यांविषयीचा कायदा झाला. स्त्रियांच्या कामाचा दिवस आठ तासांचा ठरवणारे त्यातील कलम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1895 साली रद्द ठरवले, हेही सांगितले पाहिजे; या क्षेत्रात मिळवलेले हातचे जाणे नवे नाही. तुम्ही लगेच कायदा घडवावा अशी कोणाचीच अपेक्षा नाही. परंतु व्यक्तिसहाय्य, गटकार्य आणि समुदाय संघटन (एक व्यक्ती, गट आणि वस्ती यांच्यासोबतचे काम) हे वेळापत्रकातले तीन तास वाटत असतील, तर ते एकाच माणसाच्या खुर्चीपासून सुरू होतात, हे तुम्ही आता पाहू शकता.

रडण्याविषयी थोडक्यात लिहितो. समाजकार्याचे अभ्यासक फेलिक्स बिस्टेक यांनी 1957 साली सेवार्थीशी असलेल्या नात्याची सात तत्त्वे मांडली. त्यांत स्वीकार, गोपनीयता आणि स्वयंनिर्णय यांच्या बरोबरीने नियंत्रित भावनिक सहभाग हेही एक तत्त्व आहे. त्यात सहभाग अभिप्रेत आहे. कोरडेपणाला तेथे व्यावसायिकता म्हटलेले नाही. घरी येऊन रडू येणे हा अपात्रतेचा पुरावा होत नाही. मात्र झोप उडणे, जेवण नकोसे होणे, नेमणुकीच्या दिवशी घराबाहेर पाऊलच न पडणे, असे काही आठवडे चालले, तर महाविद्यालयाच्या समुपदेशकांना भेटा. तुमच्या स्वतःच्या घरातील एखादे आजारपण किंवा एखादा वियोग या केसमध्ये डोकावतो आहे का, हेही तपासून पाहा. ते मला सांगण्याची गरज नाही; पर्यवेक्षकांना किती सांगायचे, हे तुम्हीच ठरवा.

मानसशास्त्राकडे जाण्याचा विचार वाईट नाही. त्याचे कारण मात्र मला पटलेले नाही. तेथे प्रश्न सुटताना दिसतील, अशी तुमची समजूत दिसते. मानसशास्त्राची पहिली पदवी घेऊन सहसा कोणी उपचारक होत नाही. त्यासाठी पुढचे शिक्षण आणि देखरेखीखालचा सराव लागतो, आणि तेथेही समोरचा माणूस आपले ऐकायचे की नाही, हे स्वतःच ठरवतो. समाजकार्याच्या पदवीचे व्यावहारिक मोलही देशागणिक बदलते. इंग्लंडमध्ये समाजकार्यकर्ता हे पदनाम 2005 पासून कायद्याने संरक्षित आहे, मान्यताप्राप्त पदवीनंतर नोंदणी करता येते आणि प्रशिक्षणात, कौशल्य-सरावाचे दिवस धरून, 200 दिवसांचे प्रत्यक्ष काम अपेक्षित असते. अमेरिकेत मान्यताप्राप्त पदवी अभ्यासक्रमासाठी किमान 400 तास क्षेत्रकार्य ठरवून दिलेले आहे, आणि ती पदवी असलेल्यांना अनेक ठिकाणी पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा काही भाग माफ होतो. तुम्हाला जेथे काम करायचे आहे तेथे नोंदणी लागते का, तुमच्या महाविद्यालयाला त्यासाठी मान्यता आहे का आणि पूर्ण केलेल्या सत्रांचे श्रेयांक दुसऱ्या शाखेत मोजले जातात का, एवढी माहिती हाती आल्याखेरीज कोणताही अर्ज भरू नका.

माझे मत विचाराल, तर हे सत्र पूर्ण होईपर्यंत अभ्यासक्रम सोडू नये, आणि त्यानंतर एका कसोटीवर निर्णय घ्यावा. वर सांगितलेल्या पद्धतीने तुम्ही प्रश्न विचारू लागल्यावर, प्रश्न न सुटणारा निघाला तरीही, पुढच्या भेटीत आणखी काय कळेल याची उत्सुकता तुम्हाला वाटते का? वाटत असेल, तर राहा. कौशल्य सरावाने येते. लोकांच्या घरांत, त्यांच्या पैशांच्या आणि नात्यांच्या गुंत्यात डोकावणेच नकोसे वाटत असेल, तर खुशाल दुसरा विषय घ्या, आणि त्याला अपयश म्हणू नका. प्रश्न सुटत नाहीत या एकाच कारणासाठी मात्र सोडू नका, कारण ते कारण तुमच्याबरोबर पुढच्या प्रत्येक अभ्यासक्रमात येईल.

पर्यवेक्षकांशी बोलताना, मला जमत नाही, असे मोघम सांगू नका. एखादी भेट घेताना मला शेजारी बसू द्या, किंवा तुम्ही सेवार्थी व्हा आणि मी मुलाखत घेते, अशी ठरावीक मागणी करा. त्यांच्याकडे सातत्याने वेळच नसेल, तर महाविद्यालयाच्या क्षेत्रकार्य समन्वयकांना लेखी कळवा. पर्यवेक्षण हा तुमच्या प्रशिक्षणाचा भाग आहे आणि ते मागण्यात उद्धटपणा नाही.

शेवटी एक काम असे आहे, जे विद्यार्थी जवळजवळ नेहमी विसरतात. तुमची नेमणूक ठरलेल्या तारखेला संपणार आहे, आणि ती तारीख त्या गृहस्थांना बहुधा ठाऊक नाही. गुडघ्याखालचा पाय आणि नेहमीचे हिंडणे-फिरणे गमावलेल्या माणसाच्या आयुष्यातून तुम्ही अचानक नाहीशा होऊ नये. आणखी काही भेटी शिल्लक असतानाच त्यांना तारीख सांगा, प्रत्येक भेटीत तिचा उल्लेख करा, पुढे त्यांची केस कोणाकडे जाणार हे पर्यवेक्षकांकडून निश्चित करून घ्या आणि शक्य असेल तर त्या व्यक्तीला एका भेटीत बरोबर न्या. त्यांच्या संमतीने तो पर्यावरण नकाशा केसच्या कागदांत लावा, म्हणजे मुलीकडे का जायचे नाही, हे त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागणार नाही.